दोन विटांवरचा सर्व्हर

प्रस्तावना

शहापूरच्या बाजारपेठेत किंवा मुरबाडच्या नाक्यावर कुठल्याही जुन्या दुकानात शिरा आणि काउंटरमागे डोकावून पाहा. कोपऱ्यात, वायरींच्या गुंत्यात एक काळा टॉवर उभा असतो आणि त्याच्याखाली दोन विटा असतात. पावसाचं पाणी उंबरा ओलांडून आत आलंच तर यंत्र चार-सहा इंच वर असलेलं बरं, या हिशेबाने कुणीतरी त्या सरकवलेल्या असतात. विठोबाला एक वीट पुरली, आमच्या सर्व्हरला दोन लागतात, हा विनोद मी इतक्यांदा केला आहे की आता गिऱ्हाईकंच तो मला ऐकवतात. पण त्या विटांना मी मनातून हसत नाही. या यंत्राला काही झालं तर आपलं काय, हा प्रश्न मालकाच्या मनात एकदा तरी येऊन गेल्याची ती खूण आहे. विचार विटांपाशी थांबला, एवढंच.

हे पुस्तक विटांच्या पुढचं आहे. दुकानाचा, दवाखान्याचा, पतसंस्थेचा किंवा दहा-वीस माणसांच्या कारखान्याचा कारभार ज्या यंत्रावर चालतो, त्याची चालू स्थितीतली प्रत दुसऱ्या जागी कशी तयार ठेवायची, हा त्याचा विषय. पहिलं यंत्र बुडो, जळो, चोरीला जावो किंवा कुणी खंडणीसाठी ओलीस धरो, दुसरं उभं राहिलं पाहिजे. धंद्यात याला व्हर्च्युअल मशीन रेप्लिकेशन म्हणतात. ‘आभासी यंत्राचे प्रतिरूपण’ असं लिहून मी मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदारांना पहिलं प्रकरण वाचायला दिलं होतं. ते म्हणाले, “व्हीएमची रेप्लिका म्हणायचंय ना? मग तसं लिहा की.” तसंच लिहिलं आहे.

व्हर्च्युअल मशीन ही कल्पना समजायला अवघड नाही. एका दणकट लोखंडी यंत्रावर एक व्यवस्थापक प्रणाली बसवायची आणि तिच्या पोटात दोन, चार, दहा वेगवेगळी यंत्रं चालवायची. लोखंडी यंत्र यजमान, आतली यंत्रं पाहुणी. प्रत्येक पाहुण्याला वाटतं की घर आपलंच आहे. यातली खरी किमया पुढे आहे. पाहुण्याचं सगळं बिऱ्हाड, म्हणजे त्याची डिस्क, त्याची विंडोज किंवा लिनक्स, त्यावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळ्या सेटिंग्ज, हे यजमानाच्या लेखी फक्त काही फाइली असतात. फाइल उचलून नेता येते. ज्या यंत्राचं बिऱ्हाड पाठीवर आहे ते यंत्र यजमान मेला तरी मरत नाही. दुसऱ्या यजमानाच्या घरी जाऊन उठतं.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६०च्या दशकातच एका अवाढव्य यंत्राच्या पोटात अनेक यंत्रं चालवण्याचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी, एखादं यंत्र असं ‘पाहुणं’ होऊ शकतं का, याच्या काटेकोर अटी मांडल्या. मग स्वस्त पीसीची लाट आली आणि प्रत्येक कामाला एक डबा घ्यायची सवय लागली. १९९८ मध्ये व्हीएमवेअर स्थापन झाली, २००१ मध्ये तिचं सर्व्हरसाठीचं ईएसएक्स आलं, २००३ मध्ये केंब्रिजमधून झेन, २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम, २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही आणि त्याच वर्षी प्रॉक्समॉक्स. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचं साल २०१२. त्या वर्षी विंडोज सर्व्हरमध्येच हायपर-व्ही रेप्लिका ही सोय आली. तोवर एका जागेचं यंत्र दुसऱ्या जागी सतत उतरवत ठेवणं हे बहुतांशी बँका आणि विमा कंपन्यांचं काम होतं. त्यासाठी बहुधा महागड्या डिस्कपेट्या लागत, दोन्हीकडे एकाच कंपनीच्या. २०१२ नंतर दोन साधे सर्व्हर आणि एक इंटरनेटची जोडणी एवढ्यावर ते होऊ लागलं. तालुक्याच्या ठिकाणी ही गोष्ट पोचायला पुढची सात-आठ वर्षं गेली, आणि पोचली तीही अर्धवट.

अर्धवट म्हणजे कशी? लोकांनी रेप्लिकेशन ‘चालू’ केलं, पण त्याची योजना केली नाही. हे पुस्तक योजनेबद्दल आहे. बटणं कुठली दाबायची हे कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत आहे आणि दर दोन वर्षांनी बदलतं.

योजनेची सुरुवात दोन प्रश्नांनी होते. पहिला: आपत्ती आली तर किती वेळाचं काम पुन्हा हाताने करावं लागलं तर चालेल? तंत्रज्ञ याला आरपीओ म्हणतात. दुसरा: किती वेळ शटर खाली ठेवता येईल? हा आरटीओ. सिमेंट-पत्र्याच्या दुकानदाराला तासाभराची बिलं गेली तरी फार बिघडत नाही. बिलबुकाच्या कार्बन प्रतीवरून पुन्हा भरता येतात. पतसंस्थेचं तसं नाही. पिग्मीचे एजंट संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान दिवसाची वसुली जमा करतात. भाजीवाल्या मावशींनी दिलेल्या पन्नास रुपयांची नोंद त्या दोन तासांत हरवली तर पैसे नाही, पत जाते. म्हणजे एकाच संस्थेचा आरपीओ दुपारी एक तास चालेल, संध्याकाळी पाच मिनिटंही जास्त. हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. ते व्यवस्थापकांनाच ठाऊक असतं आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

या क्षेत्रात चार-पाच घराणी आहेत. गायकीसारखीच, प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं.

पहिलं घराणं समकालिक प्रतीचं. इथली डिस्क आणि तिथली डिस्क दोघींनी ‘लिहिलं’ म्हटल्याशिवाय काम पुरं झालं असं धरायचं नाही. एकही नोंद हरवत नाही, पण अंतर आडवं येतं. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे दोनशे किलोमीटर जातो; तो जाऊन परत येईपर्यंत प्रत्येक नोंद खोळंबते, आणि वाटेत प्रत्येक राउटर आपला वाटा मागतो. भाड्याच्या ब्रॉडबँडवर हे घराणं नांदत नाही. आपल्यापुरतं ते बाजूला ठेवावं.

दुसरं घराणं यजमानाच्या पातळीवर प्रत काढणाऱ्यांचं. पाहुण्याच्या डिस्कवर काय बदललं याची यजमान नोंद ठेवतो आणि ठरावीक वेळाने फक्त तेवढेच बदल दुसरीकडे पाठवतो. हायपर-व्ही रेप्लिका सुरुवातीला दर पाच मिनिटांनी पाठवत असे; विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून तीस सेकंद, पाच मिनिटं किंवा पंधरा मिनिटं असा पर्याय आला, आणि मागच्या २४ तासांतले ताशी टप्पे राखून ठेवायची सोयही. व्हीएमवेअरची आपली पद्धत आहे. व्हीम, झर्टो यांसारख्या कंपन्यांनी याच कल्पनेवर व्यवसाय उभे केले. छोट्या उद्योगाला बहुधा हेच घराणं मानवतं.

तिसरं, फाइलप्रणालीच्या क्षणचित्रांचं. झेडएफएसवर प्रॉक्समॉक्स चालवणारी मंडळी यातली. हातात पैसा कमी आणि शिकायची हौस जास्त असेल तर उत्तम. पण एक खोच आहे: प्रॉक्समॉक्सची अंगभूत रेप्लिकेशन एकाच क्लस्टरमधल्या यंत्रांत चालते आणि क्लस्टरला यंत्रं जवळजवळ, जलद जोडणीवर हवीत. शहापूर आणि मुरबाड यांचा क्लस्टर करू गेलात तर इंटरनेट अडखळताच दोघंही एकमेकांना मेलेलं समजतील. लांबच्या प्रतीसाठी त्यांचाच बॅकअप सर्व्हर आणि त्याचं सिंक वापरावं.

चौथं घराणं म्हणतं, सगळं यंत्र कशाला नेता, डेटाबेस तेवढा न्या. एसक्यूएल सर्व्हर किंवा पोस्टग्रेस असेल तर हे फार नेटकं होतं. आपल्याकडची बरीचशी सॉफ्टवेअरं मात्र डेटा कुठे ठेवतात हे त्यांच्या विक्रेत्यालाही नीट सांगता येत नाही.

आणि पाचवं, पेनड्राइव्ह घराणं. रोज रात्री दुकान बंद करताना मालक डेटाची एक प्रत खिशात घालून घरी नेतात. मोठ्या शहरातले सल्लागार यावर हसतात. मी हसत नाही, आणि त्याचं कारण घानात आहे.

२७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा विषाणू जगभर पसरला आणि मर्स्क या अवाढव्य जहाज कंपनीची यंत्रं काही तासांत पुसली गेली. आपल्या न्हावा-शेव्यातलं तिचं टर्मिनलही त्या दिवशी अडकलं होतं. मर्स्ककडे संगणक-जाळ्याचा गाभा सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते एकमेकांची प्रत सतत ठेवत. कल्पना अशी की एक गेला तर बाकीचे आहेतच. सगळे एकदम जातील हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळे गेले. एक राहिला, घानातल्या कार्यालयातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. तिथून तो डेटा इंटरनेटने आणायला फार वेळ लागला असता, म्हणून माणसाच्या हाती हार्ड डिस्क देऊन विमानाने इंग्लंडला नेली.

ज्यांचं आयुष्य लोडशेडिंगमध्ये गेलं त्या मुरबाडकरांना ही गोष्ट सांगितली की आधी हशा पिकतो आणि मग शांतता होते. रेप्लिकेशनची मोठी खोट ती दाखवते. रेप्लिका इमानी असते, आंधळी इमानी. मूळ यंत्रात चुकून पुसलेली फाइल ती पाच मिनिटांत आपल्याकडेही पुसते. खंडणीखोराने कुलूपबंद केलेला डेटा ती तितक्याच तत्परतेने कुलूपबंद अवस्थेत उतरवून घेते. म्हणून रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य या पुस्तकात अनेकदा आलं आहे आणि संपादकांनी सांगूनही मी ते कमी केलेलं नाही. रेप्लिका लवकर उभं राहण्यासाठी असते. मागे जाण्यासाठी जुने टप्पे आणि तारेपासून तोडलेली एक प्रत लागते. खिशातला पेनड्राइव्ह ती प्रत असू शकतो, फक्त तो रात्री यंत्राला लावून ठेवू नका.

आता भूगोल. या विषयावरची बहुतेक पुस्तकं इथे दोन वाक्यांत पुढे जातात: प्रत ‘पुरेशा अंतरावर’ ठेवा. पुरेसं म्हणजे किती? शहापूरच्या माणसाला ते नदी सांगते. शहापूर गावातून भारंगी वाहते. तालुक्याची भातसा पुढे काळूला मिळते, मुरबाडकडचं पाणीही काळूतच येतं आणि काळू उल्हासला मिळते. म्हणजे दोन्ही तालुक्यांचं बरंचसं पाणी शेवटी एकाच नदीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईची चर्चा झाली, पण उल्हासच्या खोऱ्यातही हाहाकार होता. २०१९ च्या २७ जुलैला त्याच उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली. २०२१ च्या जुलैत कसाऱ्याजवळच्या उंबरमाळी स्थानकात पाणी फलाटाला भिडलं होतं. रायत्याच्या पुलावर उल्हासचं पाणी चढलं की कल्याण-मुरबाड रस्ता बंद, आणि मुरबाडला रेल्वे अजून नाही. इकडे एक ढग फुटला तर दोन्ही तालुक्यांत एकदम फुटतो.

विजेचंही तसंच. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघे पट्ट्यातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई काही तास अंधारात गेली. पडघं आपल्या वेशीवर. तसं पाहिलं तर एकाच मनोऱ्यावर सगळं अवलंबून असलं की काय होतं, हे या मुलखाला १९४२ पासून माहीत आहे. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले ते मुंबईच्या गिरण्या थांबवण्यासाठीच. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी त्याची किंमत मोजली. इंग्रज सरकारला जे दुबळेपण त्या मनोऱ्यांनी दाखवलं, तेच आपण आज आपल्या एकुलत्या सर्व्हरमध्ये पोसतो.

मग शहापूरच्या दुकानदाराने मुरबाडला प्रत ठेवून उपयोग काय? खूप आहे. आपत्ती म्हणजे दर वेळी महापूर नसतो. मी पाहिलेल्या बहुतेक आपत्ती एका खोलीएवढ्या होत्या: ऑक्टोबरात पडलेली वीज आणि अर्थिंग नसलेला बोर्ड, शॉर्टसर्किट, गळकं छत, उंदराने कुरतडलेली केबल, चोरी, रस्तारुंदीकरणाच्या जेसीबीने उपटलेली फायबर. यासाठी शेजारचा तालुका पुरेसा लांब आहे आणि पुरेसा जवळ. मोटारसायकलवर जाता येतं.

इथे या पुस्तकातली माझी लाडकी सूचना येते. आपल्याकडे आवणीच्या दिवसांत सावड घालतात. आज तुझ्या खाचरात माझ्या घरची माणसं, उद्या माझ्यात तुझी. पैशाचा व्यवहार नाही. रेप्लिकेशनची सावड का घालू नये? शहापूरचा एक उद्योग आणि मुरबाडचा एक उद्योग, दोघांनी आपापल्या सर्व्हरमध्ये थोडी जास्त डिस्क आणि रॅम घ्यायची; तुझी रेप्लिका माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. प्रत कूटबद्ध, किल्ली ज्याची त्याच्याकडे. धंदा एकाच प्रकारचा नसावा, म्हणजे स्पर्धकाच्या घरी आपली खातेवही नको. आणि सावडीतसुद्धा कुणी किती दिवस राबायचं हे ठरलेलं असतं, तसं इथे एका कागदावर असावं: आपत्तीच्या वेळी माझं यंत्र तुझ्या घरी किती दिवस चालेल, विजेचं बिल कुणाचं, भांडण झालं तर प्रत कशी पुसायची. नमुना करार पुस्तकाच्या शेवटी दिला आहे. वकिलांना दाखवून मगच वापरा.

तिसरी प्रत मात्र घाटाच्या वर हवी. कसारा घाट चढून नाशकात असो, माळशेज चढून जुन्नरला असो किंवा पुण्यातल्या एखाद्या क्लाउडच्या केंद्रात असो. ज्या ढगाने खालचं खोरं बुडवलं, तो तिथे तेच नुकसान त्याच दिवशी करण्याची शक्यता कमी. ती प्रत ताजी नसली तरी चालेल, कालची चालेल. एक हाताशी, एक शेजारच्या तालुक्यात, एक घाटावर. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने मांडलेला ३-२-१ चा नियम जगप्रसिद्ध आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेर. मी त्यात फक्त आपला डोंगर घातला.

क्लाउडचं नाव काढलं की पुढचा प्रश्न येतो: सगळंच तिकडे का ठेवू नये? जरूर ठेवा, ज्यांना परवडतं आणि ज्यांचं इंटरनेट टिकतं त्यांनी. पण एक विसंगती मला छळते. शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर, भातसा. मुंबई त्यांच्या पाण्यावर जगते आणि तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. धरण उशाला, कोरड घशाला. आता डेटाचंही तसंच झालं आहे. ऐरोली, रबाळे, महापे हे आपल्याच ठाणे जिल्ह्यातले भाग. देशातल्या सर्वांत मोठ्या डेटा सेंटरांपैकी कित्येक तिथे उभी आहेत. साऱ्या देशाची विदा जिल्ह्याच्या एका टोकाला साठते आणि दुसऱ्या टोकाला मुरबाडच्या कारखान्याची खातेवही एका डिस्कवर, प्रतीविना.

मुंबईला पाणी देणारे तलाव सात आहेत, एक नाही. ज्याने ती योजना केली त्याला रेप्लिकेशन शिकवायची गरज नव्हती.

नळ किती जाड आहे ते मोजल्याशिवाय मात्र धरण बांधू नये. इंटरनेटवाला ‘शंभर एमबीपीएस’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खाली येणाऱ्या वेगाबद्दल बोलत असतो. रेप्लिकेशनला वर जाणारा वेग लागतो. समजा तो प्रत्यक्षात वीस एमबीपीएस मिळतो. म्हणजे सेकंदाला अडीच मेगाबाइट, तासाला नऊ गिगाबाइट. दिवसाला वीस गिगाबाइट बदल होत असतील तर सव्वादोन तासांत जातील, ठीक. पण पहिली संपूर्ण प्रत आठशे गिगाबाइटची असेल तर जवळजवळ चार दिवस, तेही वीज आणि लाइन एकदाही न जाता. आमच्याकडे चार दिवस काहीच न जाणं ही बातमी असते. म्हणून पहिली प्रत हार्ड डिस्कवर घ्या आणि किन्हवली मार्गाने स्वतः मुरबाडला नेऊन उतरवा, नंतरचे बदल तारेने जाऊ द्या. मर्स्कने विमान वापरलं, आपल्याला एसटी पुरते.

बदल किती होतात हे आठवडाभर मोजा, महिन्याच्या २० तारखेच्या आसपासचा आठवडा धरून. जीएसटीच्या ३बी विवरणाच्या धावपळीत यंत्र सगळ्यात जास्त लिहितं. आणि जुलैची २० तारीख पावसाच्या ऐन भरात येते.

आता थोडी कबुली. काही वर्षांपूर्वी शहापूरकडच्या एका छोट्या कारखान्याची रेप्लिका मी मुरबाडकडे बसवली. चौदा महिने हिरवी खूण दिसत होती. मग एका संध्याकाळी वीज पडली आणि मूळ यजमानाचा मदरबोर्ड गेला. मी मोठ्या ऐटीत रेप्लिका उठवली. चार मिनिटांत विंडोज सुरू. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना. त्याच्या परवान्याची यूएसबी कळ जळालेल्या यंत्राच्या पाठीत होती. ती काढून, रात्री रस्ता तुडवत मुरबाडला नेली. मग कारखान्यातले दहा संगणक जुन्याच आयपी पत्त्यावर सर्व्हर शोधत बसले, कारण मुरबाडच्या जाळ्याचे आकडे वेगळे होते. दीड दिवस गेला. डेटा एक अक्षरही हरवला नव्हता. मालक काही बोलले नाहीत, चहा पाजला. ते न बोलणं मला पुढची सगळी प्रकरणं लिहायला पुरलं.

कळ, डिजिटल सहीचं टोकन, ओटीपी येणारा मोबाइल, पासवर्ड लिहिलेली वही, इंटरनेटवाल्याचा फोन: हे सारं योजनेत यंत्राइतकंच महत्त्वाचं आहे आणि कुठलंही सॉफ्टवेअर याची रेप्लिका काढत नाही. मूळ यंत्र दुरुस्त होऊन वीज आल्यावर आपोआप सुरू झालं तर काय, हेही कुणी विचारत नाही. मग एकाच दुकानाचे दोन सर्व्हर जिवंत होतात, दोन्हीकडून एकाच क्रमांकाची दोन वेगळी बिलं निघतात आणि ती निस्तरताना हिशेबनीसांचे केस पांढरे होतात. परतीचा प्रवास, म्हणजे रेप्लिकेवरून मूळ जागी नीट येणं, यासाठी पुस्तकात जाण्यापेक्षा जास्त पानं खर्ची पडली आहेत.

हे सगळं आत्ताच का? एक कारण कायदा. २०२२ मध्ये दुरुस्त झालेल्या कंपनी लेखा नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कित्येक प्रायव्हेट लिमिटेड मालकांना हे माझ्याकडून पहिल्यांदा कळलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा यंत्रणेने सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यायचा आदेश काढला. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा रुग्णांच्या आणि ठेवीदारांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकतो. रेप्लिका म्हणजे त्या माहितीची दुसरी तिजोरी, तिलाही कुलूप हवं. दुसरं कारण बाजार. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली आणि कायमचे परवाने विकणं बंद केलं. ज्यांनी एकदा पैसे देऊन निश्चिंत व्हायचं ठरवलं होतं त्यांना वर्षाकाठीची वर्गणी किंवा स्थलांतर यातलं एक निवडणं भाग आहे. स्थलांतर करायचंच आहे तर रेप्लिकेशनचा विचार त्याच वेळी करणं शहाणपणाचं.

तिसरं कारण ३१ जुलै २०२४. सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला आणि सुमारे तीनशे छोट्या बँकांना राष्ट्रीय पेमेंट जाळ्यापासून तात्पुरतं तोडावं लागलं. त्यांच्या शाखेतला सर्व्हर शाबूत होता, विटा कोरड्या होत्या. तरी काउंटर ठप्प.

चिपळूणची आठवण इथे टाळता येत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या एसटी आगाराचे प्रमुख नऊ लाखांची रोकड घेऊन तासन् तास बसच्या टपावर बसून राहिले. त्यांच्या निष्ठेला सलाम. रोकड टपावर नेता येते. सर्व्हर नेता येत नाही, आणि त्यातली उधारी-वसुलीची नोंद नऊ लाखांहून जास्त असू शकते.

पुस्तक काय करत नाही तेही सांगतो. ते कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या हे सांगत नाही. मोठी इस्पितळं, जिल्हा बँका यांच्यासाठी ते अपुरं आहे. त्यांच्या नियमांची चौकट वेगळी आहे. दोन ते दहा व्हीएम, एक अर्धवेळ संगणकवाला, एक घाईतला मालक, असा वाचक समोर ठेवून ते लिहिलं आहे. कागद-पेन्सिलीचा भाग आधी आहे, यंत्राचा नंतर; घाई असली तरी क्रम उलटा करू नका. कोष्टकं रिकामी सोडली आहेत ती छापताना राहून गेली म्हणून नव्हे. ती तुम्ही भरायची आहेत, पेनाने, आणि त्या पानाची झेरॉक्स गल्ल्यात ठेवायची आहे, कारण आपत्तीच्या दिवशी हे पुस्तक पीडीएफमध्ये असेल आणि पीडीएफ बंद पडलेल्या सर्व्हरवर असेल.

पावसाळ्याआधी आपण राब भाजतो, कौलं चाळतो, लाकूडफाटा आत घेतो. त्या यादीत एक ओळ वाढवा. यंदा मृग लागायच्या आत एका रविवारी सगळ्यांना सांगून मूळ सर्व्हर बंद करा आणि सोमवारचं पहिलं बिल रेप्लिकेवरून काढून बघा. जिथे अडाल, ते पान उघडा.